जन्मजात हृदयविकार आणि रक्तप्रवाहाची तपासणी: नाशिकमध्ये पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

नाशिकमधल्या एका तपासणी केंद्रात मी एमआरआय टेक्निशियन आहे. हृदयाचे स्कॅन असतात त्या दिवशी सिडकोपासून सुरगाण्यापर्यंतची माणसं बाहेरच्या बाकांवर बसलेली असतात. मांडीवर बाळ आणि हातात जुन्या कागदांनी फुगलेली पिशवी. आत घेण्याआधी मी त्यांच्याशी दहा-पंधरा मिनिटं बोलतो. प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात, पण तिथे घाबरलेल्या मनानं ऐकलेलं घरी जाईपर्यंत निम्मं विसरलं जातं. म्हणून इथे लिहून ठेवतोय. उपचारांचा निर्णय तुमच्या बालहृदयरोगतज्ज्ञांचाच. ही तपासणी काय मोजते, कशी मोजते आणि तुम्ही काय तयारी करायची, एवढंच मी सांगतोय.

इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाला भोक दिसलंच आहे. मग आणखी तपासण्या कशाला?

भोक दिसलं म्हणजे काम अर्धंच झालं. त्यातून किती रक्त जातंय आणि कुठल्या बाजूला जातंय, हे कळल्याशिवाय ते भोक त्रासाचं आहे की नाही ते ठरत नाही.

पावसाळ्यात आपण नाशिककर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीकडे बघतो. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. पण धरणावरची माणसं पुढे किती पाणी येणार ते मारुतीकडे बघून सांगत नाहीत. गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, त्या आकड्यावरून सांगतात. पातळी वेगळी, विसर्ग वेगळा. पात्राचा छेद किती मोठा आणि पाणी किती वेगानं धावतंय, या दोहोंचा गुणाकार म्हणजे विसर्ग. रक्तवाहिनीतही नेमकं हेच मोजतात: छेदाचं क्षेत्रफळ गुणिले रक्ताचा वेग.

एक हिशेब करून दाखवतो. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे. डाव्या बाजूचं शुद्ध रक्त त्यातून उजवीकडे येतं आणि शरीरात जायचं सोडून पुन्हा फुप्फुसात फेरी मारतं. समजा महाधमनीतून शरीराला मिनिटाला ४ लिटर रक्त गेलं आणि फुप्फुसांना ७.२ लिटर गेलं. ७.२ भागिले ४ म्हणजे १.८. निरोगी माणसात हे गुणोत्तर १ च्या आसपास असतं. ते साधारण दीडच्या वर गेलं, उजवी बाजू फुगायला लागली आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या नसल्या, तर डॉक्टर भोक बंद करण्याचा विचार करतात. दोन मुलांच्या भोकाचं माप सारखं असूनही एकाचं गुणोत्तर १.२ आणि दुसऱ्याचं २ असू शकतं. त्यामुळे शेजारच्या मुलाचं भोक एवढंच होतं आणि त्याला काही करावं लागलं नाही, ही तुलना मनातून काढून टाका.

आमचं काही चुकलं का? ग्रहणात तिने भाजी चिरली होती.

हा प्रश्न आईपेक्षा घरातली इतर माणसं जास्त विचारतात, आणि तेव्हा आई खाली मान घालून बसलेली असते. ग्रहणाचा आणि हृदयाच्या भोकाचा काडीचाही संबंध नाही. दर १,००० जिवंत जन्मांमागे साधारण ८ ते ९ बाळांच्या हृदयात जन्मतःच काहीतरी दोष असतो, आणि हे सगळ्या जगात आहे. काही वेळा गुणसूत्रांतला बदल, आईचा गरोदरपणाच्या आधीपासूनचा मधुमेह, सुरुवातीच्या महिन्यांत झालेला रुबेला, काही औषधं किंवा जवळच्या नात्यातलं लग्न यांचा हात असतो. पुष्कळदा ठोस कारण सापडतच नाही. गरोदरपणाच्या पहिल्या ८-९ आठवड्यांत हृदयाची मुख्य घडण होऊन जाते. कित्येकींना तोवर दिवस गेल्याची नीट खात्रीही झालेली नसते. तिला दोष देऊ नका.

पुढच्या बाळाच्या वेळी आधी कळेल का?

पुष्कळसे मोठे दोष कळतात. साधारण १८ ते २४ आठवड्यांत गर्भाचा इको करतात. घरात एका बाळाला हृदयदोष असेल तर पुढच्या खेपेला तो करून घ्याच.

इको आणि एमआरआय यांत फरक काय? एमआरआय जास्त चांगला का?

चांगला-वाईट असं नाही. पहिली तपासणी इकोच. तो पलंगापाशी होतो, लगेच होतो, बाळाला भूल लागत नाही आणि कितीही वेळा करता येतो. बहुतेक बाळांचं निदान इकोवरच होतं आणि अनेकांना एमआरआयची कधीच गरज पडत नाही.

इको रक्ताचा वेग मोजतो तो ध्वनिलहरींवरून. जवळ येणाऱ्या रेल्वेची शिट्टी उंच ऐकू येते आणि गाडी पुढे गेली की आवाज खाली येतो. हे तत्त्व ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलं. त्या वेगावरून दाबातला फरकही काढता येतो: वेगाचा वर्ग गुणिले चार. अरुंद झडपेतून रक्त सेकंदाला ४ मीटर वेगानं उसळत असेल तर अलीकडच्या-पलीकडच्या दाबात साधारण ६४ मिलिमीटर पाऱ्याचा फरक आहे. हे गणित इकोचं मोठं बळ आहे.

पण ध्वनिलहर ज्या रेषेत जाते त्याच रेषेतला वेग तिला नीट दिसतो. आडव्या वाहणाऱ्या रक्ताचा वेग कमी भरतो. हाडातून आणि हवेनं भरलेल्या फुप्फुसातून ती जातच नाही. मूल मोठं झालं, छातीवर ऑपरेशनचा व्रण आला, की चांगली खिडकी मिळत नाही. उजवा खालचा कप्पा तर छातीच्या हाडामागे, वेड्यावाकड्या आकाराचा. त्यात किती मिलिलिटर रक्त मावतं ते इकोवर नेमकं सांगणं अवघड. एमआरआयला हाड आडवं येत नाही. कोणत्याही कोनातून छेद घेता येतो आणि रक्ताचं प्रमाण मिलिलिटरमध्ये मोजता येतं. उजव्या कप्प्याचं आकारमान मोजायला आज एमआरआय हीच प्रमाण पद्धत मानतात.

हे मशीन रक्ताचा वेग मोजतं तरी कसं? आत काही घालावं लागतं का?

आत काही घालावं लागत नाही आणि नुसता प्रवाह मोजायला इंजेक्शनही लागत नाही. मला स्वतःला या कामाचा सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या शरीरात पाणी भरपूर आणि पाण्यात हायड्रोजन. मोठ्या चुंबकात हायड्रोजनची केंद्रकं एका तालात फिरायला लागतात. आम्ही त्या चुंबकीय क्षेत्राला क्षणभर एका बाजूला उतार देतो आणि लगेच तेवढाच उलटा उतार देतो. जागेवर बसलेल्या कणाचा हिशेब मिटतो. जेवढा पुढे गेला तेवढाच मागे आला. रक्तातला कण मात्र मधल्या वेळात सरकलेला असतो. त्याचा हिशेब पुरता मिटत नाही, ताल थोडा चुकलेला राहतो. वेग जितका जास्त तितका तो फरक जास्त. मशीन तो फरक वाचतं आणि चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला वेग देतं. पुढे जाणारं रक्त पांढरं, मागे येणारं काळं, स्थिर भाग करडा.

एका ठोक्यात हे सगळं उरकत नाही. ईसीजीच्या तारा लावून आम्ही अनेक ठोक्यांमधली माहिती गोळा करतो आणि एका ठोक्याच्या वीस-तीस चित्रांत मांडतो. म्हणून ठोके अनियमित असले की आम्हाला त्रास होतो आणि वेळ वाढतो.

यात एक अडचण आहे. तालातला फरक घड्याळाच्या काट्यासारखा अर्ध्या फेरीपर्यंतच ओळखता येतो. म्हणून जास्तीत जास्त किती वेग मोजायचा ती मर्यादा आधी सांगावी लागते. आम्ही तिला ‘व्हेंक’ म्हणतो. महाधमनीसाठी सेकंदाला १५०-२०० सेंटिमीटर, अरुंद जागी त्याहून बरीच जास्त, संथ वाहणाऱ्या शिरांसाठी बरीच कमी. मर्यादा कमी पडली तर सगळ्यात वेगवान रक्तच उलटं वाहताना दिसतं, जसं पडद्यावर भरधाव टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं. मर्यादा फार जास्त ठेवली तर संथ प्रवाह चित्रातल्या खरखरीमध्ये बुडून जातो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडून ही चूक झाली. कळवणकडचा एक मुलगा होता, महाधमनी अरुंद असलेला. पांढऱ्या गोलाच्या मधोमध मला काळा डाग दिसला, पण तो काय आहे हे उमगेपर्यंत मुलगा घरी निघाला होता. पुढच्या आठवड्यात त्याच्या वडिलांना मजुरी बुडवून पुन्हा यावं लागलं. ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या हातातली एसटीची तिकिटं अजून डोळ्यांसमोर आहेत. तेव्हापासून मूल टेबलवरून उतरायच्या आत मी प्रत्येक आकडा तपासतो आणि ताळा घेतो.

ताळा म्हणजे अगदी शाळेतल्या बेरजेसारखा. फुप्फुसाच्या मुख्य धमनीत गेलेलं रक्त उजव्या आणि डाव्या शाखेच्या बेरजेएवढं हवं. निरोगी माणसात साधारण ५५ टक्के उजवीकडे आणि ४५ टक्के डावीकडे जातं. कुठे भोक नसेल तर फुप्फुसांना गेलेलं आणि महाधमनीत गेलेलं रक्त जवळपास सारखं हवं. हे जुळलं नाही तर एक तर माझं मोजमाप चुकलंय, नाहीतर आत कुणाला अजून न दिसलेली एखादी वाट आहे. फुप्फुसाकडून येणारी एखादी शीर भलत्याच जागी जोडलेली असणं हे मोठ्या मुलांमध्ये इकोत निसटू शकतं, आणि न जुळणाऱ्या बेरजेवरून ती सापडते.

‘फोर-डी फ्लो’ असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलंय. ते काय?

साध्या पद्धतीत आम्ही एकेका रक्तवाहिनीवर एकेक आडवा छेद ठेवतो, जसं एकेका पुलावर उभं राहून खालचं पाणी मोजावं. फोर-डी फ्लोमध्ये अख्ख्या छातीतल्या प्रवाहाची माहिती एकदमच घेतात: वेगाच्या तिन्ही दिशा आणि चौथी मिती वेळेची. साधारण पाच ते पंधरा मिनिटं लागतात आणि मूल नेहमीसारखा श्वास घेत पडून राहिलं तरी चालतं. एरवी प्रत्येक छेदाला दहा-पंधरा सेकंद श्वास रोखायला सांगतो. आठ वर्षांच्या मुलाला ते वीस वेळा करायला लावणं सोपं नसतं.

मोठा फायदा नंतरचा. मूल घरी गेल्यावरही संगणकावर हवी ती रक्तवाहिनी निवडून प्रवाह मोजता येतो. गुंतागुंतीच्या हृदयात नेमकं कुठे मोजायचं हे आधी कळत नाही, तेव्हा याची खरी किंमत कळते. ही पद्धत कशी वापरावी याबद्दल जगभरच्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये एकमतानं मार्गदर्शन प्रसिद्ध केलं.

त्यातली रंगीत चित्रं फार सुंदर असतात. रक्ताचे भोवरे, पिळ घालत वर चढणारी धार, सगळं दिसतं. पालक ती बघून हरखतात आणि मीही हरखतो. पण निर्णय आज ज्यांवर होतात ते आकडे जुनेच आहेत: किती रक्त पुढे गेलं, किती मागे आलं, दोन्ही बाजूंचं गुणोत्तर किती. रक्तवाहिनीच्या भिंतीवर पडणारा ताण, भोवऱ्यांत वाया जाणारी ऊर्जा यांवर अभ्यास चालू आहे. त्यांवरून एकट्यानं ऑपरेशन ठरत नाही. शिवाय ही सोय प्रत्येक मशीनवर नसते. तुमच्या केंद्रात नसेल तर घाबरू नका. साध्या पद्धतीनं नीट मोजलेला प्रवाह तेवढाच भरवशाचा असतो.

मुलाचं टीओएफचं ऑपरेशन लहानपणीच झालंय. तो ठणठणीत आहे. मग आता एमआरआय का सांगितला?

हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

टेट्रालॉजी ऑफ फॅलो म्हणजे ‘निळं बाळ’. खालच्या दोन कप्प्यांमध्ये मोठं भोक, फुप्फुसाकडची वाट अरुंद, महाधमनी भोकावर सरकलेली आणि उजव्या कप्प्याची भिंत जाड. ऑपरेशनमध्ये भोक बुजवतात आणि अरुंद वाट मोकळी करतात. वाट फारच अरुंद असेल तर झडपेच्या आरपार चीर देऊन ठिगळ लावावं लागतं. बाळ गुलाबी होतं आणि घरात पेढे वाटले जातात. पण त्या ठिगळामुळे झडप नीट मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला फुप्फुसाकडे गेलेल्या रक्तातलं काही मागे उजव्या कप्प्यात येतं.

समजा एका ठोक्यात ९० मिलिलिटर पुढे गेलं आणि ३६ मागे आलं. गळती झाली ४० टक्के. फुप्फुसाला खरं मिळालं ५४. उजवा कप्पा ही जास्तीची खेप वर्षानुवर्षं ओढत राहतो आणि हळूहळू ताणला जातो. मूल धावतं, सायकल चालवतं, शाळेत जातं. तक्रार काही नसते. तक्रार सुरू होते तेव्हा कप्पा पुष्कळदा इतका सैल झालेला असतो की झडप बदलली तरी तो पूर्वीच्या मापाला येत नाही.

म्हणून ती वेळ यायच्या आधी मोजायचं. शरीराच्या दर चौरस मीटरमागे उजव्या कप्प्याचं पूर्ण भरलेल्या स्थितीतलं आकारमान १५०-१६० मिलिलिटरच्या पुढे गेलं, किंवा आकुंचनानंतर उरणारं ८० च्या पुढे गेलं, की डॉक्टर झडप बदलण्याचा गांभीर्यानं विचार करायला लागतात. एकट्या आकड्यावर नाही. ट्रेडमिल, ईसीजी, मुलाला वाटणारा थकवा आणि मागच्या स्कॅनशी तुलना, सगळं एकत्र ठेवून.

मागे एक सतरा वर्षांचा मुलगा आला होता. दोन वर्षांचा असताना ऑपरेशन झालेलं. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर ‘पूर्ण दुरुस्ती’ असं लिहिलं होतं आणि खाली पुन्हा कधी यायचं ते काहीच नाही. रुग्णालयाचं नाव मी घेणार नाही. आई-वडिलांनी ‘पूर्ण’ या शब्दाचा जो अर्थ कुणीही घेईल तोच घेतला आणि बारा वर्षं कुठे दाखवलं नाही. कबड्डीत दम लागतो म्हणून गावातल्या डॉक्टरांनी पाठवलं. स्क्रीनवर त्याचा उजवा कप्पा डाव्याच्या दुपटीहून मोठा दिसत होता. मला त्या कार्डाचा फार राग आला. तुमच्याकडे असं कार्ड असेल तर ते घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जा, मूल कितीही धडधाकट दिसत असलं तरी.

फोंटानचं ऑपरेशन झालेल्या मुलीत काय बघतात?

या मुलांना एकच कामाचा पंप असतो. शरीराकडून येणारं निळं रक्त हृदयाला वळसा घालून थेट फुप्फुसांत जाईल अशी जोडणी करतात. फ्रान्सिस फोंटान यांनी ही शस्त्रक्रिया १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. तिथे ढकलणारा पंप नसल्यामुळे प्रवाह संथ असतो, जवळजवळ पाटाच्या पाण्यासारखा उतारावर चालणारा. एवढासा अडथळाही जाणवतो. दोन्ही फुप्फुसांना रक्ताची वाटणी नीट होतेय का, यकृताकडून येणारं रक्त दोन्हींना मिळतंय का (एका फुप्फुसाला ते न मिळाल्यास तिथे असामान्य रक्तवाहिन्या तयार होऊन मूल पुन्हा निळं पडू शकतं), आणि रक्ताच्या चोरवाटा, म्हणजे मधेच फुटलेल्या जादा रक्तवाहिन्या, किती झाल्यात, हे एमआरआयवर मोजता येतं.

सीटी का नको? पटकन होतो म्हणतात.

पटकन होतो हे खरं, आणि काही वेळा तोच योग्य असतो: अत्यवस्थ नवजात बाळ, हृदयाच्या स्वतःच्या बारीक धमन्या, श्वासनलिकेवरचा दाब, आत स्टेंट असेल तर त्याची आतली बाजू. पण त्यात क्ष-किरण असतात आणि सीटी रचना दाखवतो, विसर्ग मोजत नाही. ज्या मुलाला आयुष्यभर दर दोन-तीन वर्षांनी तपासायचं आहे त्याच्यासाठी किरणांचा हिशेब ठेवावाच लागतो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात.

आणि कॅथेटर? एमआरआय केला म्हणजे ते टळेल का?

कधी टळतं, कधी नाही. एमआरआय दाब थेट मोजत नाही. तो थेट मोजायला कॅथेटर, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेलेली बारीक नळी, लागते. आपल्या भागात अजूनही सहा-सात वर्षांचं मूल शाळेच्या तपासणीत पहिल्यांदा सापडतं. मोठं भोक इतकी वर्षं उघडं राहिलेलं असतं, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड झालेल्या असतात. अशा वेळी भोक बंद करणं फायद्याचं की घातक, हे फुप्फुसातला रोध किती यावर ठरतं, आणि त्यासाठी दाब आणि प्रवाह दोन्ही लागतात. डॉक्टरांनी कॅथेटर सांगितलं तर ‘एमआरआय तर झालाय’ म्हणून अडून बसू नका.

लहान बाळ आत शांत कसं राहणार? उपाशी किती ठेवायचं?

तान्ह्या बाळाला, साधारण सहा महिन्यांच्या आतल्या, आम्ही पोटभर दूध पाजून दुपट्यात घट्ट गुंडाळतो, कानांना आवाज लागणार नाही अशी सोय करतो आणि ते झोपलं की आत सरकवतो. पुष्कळदा एवढ्यानं भागतं. त्यानंतरच्या वयात, साधारण सहा-सात वर्षांपर्यंत, भूलतज्ज्ञांची मदत लागते. स्कॅनला पाऊण ते दीड तास लागतो.

भुलीसाठी नेहमीचा नियम असा: जेवण किंवा वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, साधं पाणी दोन तास आधी. तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील ते शेवटचं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. निळ्या पडणाऱ्या मुलांचं रक्त घट्ट असतं. त्यांना गरजेपेक्षा जास्त उपाशी-तहानलेलं ठेवणं धोक्याचं. ‘काल रात्रीपासून काही दिलं नाही’ असं काही आया अभिमानानं सांगतात. तसं करू नका. पाण्याची वेळ विचारून घ्या आणि तोपर्यंत पाजा. नंबर लांबला तर आम्हाला येऊन सांगा.

मशीनचं चुंबक रात्रंदिवस चालू असतं. बाळाचे वाळे, मनगट्या, करदोटा, ताईत सगळं काढा. ताईत उघडायला मन होत नाही हे मला कळतं; तो आजीच्या हातात दाराबाहेर राहू द्या. आणि आईच्या बांगड्यांना, मंगळसूत्राला अडकवलेल्या सेफ्टी पिना! सगळे दागिने काढून ठेवल्यावरही पदराला एक राहतेच. मी प्रत्येकीला पदर झटकायला लावतो, राग मानू नका.

छातीत ऑपरेशनच्या तारा आहेत, डिव्हाइस बसवलंय. चालेल का?

छातीचं हाड जोडणाऱ्या तारांनी अडत नाही. चित्रात तिथे काळे डाग येतात एवढंच. भोक बंद करायची जाळीदार डिव्हाइसं बहुतेक निकेल-टायटॅनियमची असतात आणि ठरावीक अटींवर स्कॅन करता येतो. पेसमेकरचं मात्र आधी सांगा, फोनवर वेळ घेतानाच. नव्या बनावटीतले अनेक चालतात, पण लहान मुलांना हृदयावर बाहेरून शिवलेल्या तारा असतात, कधी जुन्या तुटलेल्या तारा आतच असतात, आणि तिथे निर्णय हृदयरोगतज्ज्ञांना घ्यावा लागतो. डिव्हाइसचं कार्ड सोबत आणा. कार्ड हरवलं असेल तर जिथे बसवलं तिथून पत्र आणा.

इंजेक्शन देतात ते मूत्रपिंडाला घातक असतं का?

प्रवाह मोजायला ते लागत नाही. रक्तवाहिन्यांचा नकाशा किंवा स्नायूतला व्रण बघायचा असेल तर गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात. मूत्रपिंडाचं काम खूपच कमी झालेलं असेल तर विशेष काळजी घेतात. म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागितला की तो आणा.

मुलीचं लहानपणी ऑपरेशन झालंय. आता लग्नाचं बघतोय. सांगायचं का?

सांगा. हे टेक्निशियन म्हणून नाही, दोन मुलींचा बाप म्हणून सांगतोय. गरोदरपणात शरीरातलं रक्त साधारण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि हृदयाला ते सगळं फिरवावं लागतं. झडपेची गळती किती, उजवा कप्पा किती ताणलेला, महाधमनी किती रुंद, हे दिवस जायच्या आधी मोजून घेतलं तर बहुतेक मुली नीट बाळंत होतात. लपवलेली गोष्ट सातव्या महिन्यात दम लागून उघडी पडते, आणि तेव्हा हातात पर्याय थोडे उरतात.

खर्चाचं कसं? कोणत्या योजनेत बसतं?

शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत वर्षातून एकदा तपासणीला येतात. मुलात काही सापडलं तर पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवतात आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेची सोयही याच वाटेनं होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही हृदय शस्त्रक्रिया आहेत. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधार दाखवा. शालिमारला विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, तिथेही चौकशी करा. या योजना मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहेत. बाहेर स्वतंत्र केलेल्या एमआरआयचे पैसे मिळतीलच असं धरून चालू नका. आधी विचारा, मग तारीख घ्या.

रिपोर्टमध्ये काय बघायचं? आणि मोबाइलवर पाठवला तर चालेल ना?

चित्रांची गणितं करायला वेळ लागतो, त्यामुळे रिपोर्ट लगेच हातात पडत नाही. आला की चार गोष्टी शोधा आणि एका वहीत तारखेसह उतरवा: फुप्फुस आणि शरीर यांच्या प्रवाहाचं गुणोत्तर, झडपेची गळती टक्क्यांत, उजव्या आणि डाव्या कप्प्याचं आकारमान दर चौरस मीटरमागे, आणि दोन्ही कप्पे किती टक्के रक्त बाहेर टाकतात तो आकडा. एखादा नसेल तर तो का मोजला नाही हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

फिल्मचा खिडकीसमोर धरून काढलेला फोटो मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांच्या काही कामाचा नसतो. हलणारी चित्रं सीडीत किंवा पेनड्राइव्हमध्ये असतात; ती मूळ स्वरूपात मागून घ्या आणि घरी एक प्रत काढून ठेवा. ऑपरेशनच्या नोंदी आणि जुने इको त्याच पिशवीत ठेवा, पावसात भिजणार नाही अशा. टेबलवर घेण्याआधी आम्ही मुलाची उंची आणि वजन मोजतो. ते दोन आकडेही वहीत लिहा. चौरस मीटरचा सगळा हिशेब त्यांवरच बसतो, आणि पुढच्या स्कॅनला कुणीही असो, पहिल्यांदा तेच विचारेल.